एक कंटेनर, दोन कायदे, दोन रीती

फेब्रुवारीत दिंडोरीच्या एखाद्या पॅकहाऊसमधून थॉम्पसनचा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर न्हावा शेवाकडे निघतो, तेव्हा त्यात साधारण बारा ते पंधरा टन द्राक्षं असतात. सोबत कागदांचा गठ्ठा असतो: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (रोगकीडमुक्तीचं प्रमाणपत्र), रेसिड्यूचा (रसायनांच्या अंशाचा) रिपोर्ट, आणि जहाज सुटल्यावर बी/एल (जहाज कंपनीची मालाची पावती). माल रॉटरडॅमला उतरेपर्यंत नेमका कुणाचा, वाटेत खराब झाला तर नुकसान कुणाचं, वाद झाला तर तो कुठे आणि कुठल्या देशाच्या कायद्याने मिटवायचा, हे सगळं कंटेनरचं दार बंद होण्याआधी ठरलेलं असायला हवं. अनेकदा ते ठरलेलं नसतं. भाव ठरलेला असतो, आठवड्याला किती कंटेनर हे ठरलेलं असतं, आणि बाकी सगळं 'आपले जुने संबंध आहेत' यावर सोडलेलं असतं.

आंतरराष्ट्रीय व्यापार शिकणाऱ्या मुलांना कायदा एका पेपरात शिकवतात आणि आंतरसांस्कृतिक संवाद दुसऱ्या पेपरात. पहिल्यात कलमं पाठ होतात, दुसऱ्यात जपानी माणसाचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यावं हे कळतं. माझं म्हणणं असं की हे दोन विषय वेगवेगळे शिकले तर दोन्ही अर्धवट कळतात. वादाची खरी फाइल उघडून तारीखवार वाचा. जो दावा कायद्यात हरला, तो आधी रीतीत हरलेला असतो. वाईट बातमी दोन दिवस उशिरा कळवलेली असते, फोनवरचा शब्द कुणी लिहून ठेवलेला नसतो, नम्रपणे मागितलेली माफी पुढे कबुली म्हणून दाखवली जाते. म्हणून हा विषय मी द्राक्षाच्या कंटेनरवरच समजावणार आहे. नियम बाकीच्या मालालाही तेच आहेत.

कुठला कायदा लागतो?

भारतातल्या विक्रीला भारतीय करार कायदा, १८७२ आणि मालविक्री कायदा, १९३० लागू होतो. नेदरलँड्समध्ये त्यांची स्वतःची नागरी संहिता आहे. आणि या दोन्हींच्या वर तिसरी एक गोष्ट आहे, जिचं नाव आपल्याकडच्या अनेक निर्यातदारांच्या कानावरही आलेलं नसतं: आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या करारांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार. तो १९८० साली व्हिएन्नात झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. सोयीसाठी त्याला व्हिएन्ना करार म्हणू. जगातले ९५ हून अधिक देश त्यात आहेत. अमेरिका, चीन, जर्मनी, नेदरलँड्स, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया सगळे आहेत. भारत नाही, ब्रिटनही नाही.

मग भारत त्यात नाही म्हणजे आपला संबंध संपला का? नाही. इथेच पहिली गफलत होते. समजा, डच खरेदीदाराने परचेस ऑर्डर पाठवली. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ आहे की या व्यवहाराला डच कायदा लागू राहील. आपल्याकडे कुणी मागची बाजू वाचली नाही, 'कन्फर्म्ड' एवढंच कळवून माल भरला. आता डच कायदा म्हणजे फक्त डच नागरी संहिता नव्हे. नेदरलँड्स व्हिएन्ना कराराचा सदस्य असल्याने तो करार हा डच कायद्याचाच भाग आहे, आणि दोघांनी स्पष्टपणे वगळला नसेल तर आंतरराष्ट्रीय विक्रीला तोच लागतो. दिंडोरीत बसून आपण भारताने न स्वीकारलेल्या कराराखाली आलो, तेही एका शब्दाच्या उत्तराने.

आणि काहीच लिहिलं नसेल तर? वाद युरोपीय संघातल्या न्यायालयात गेला, तर तिथल्या 'रोम वन' नियमावलीनुसार साधारणपणे विक्रेता जिथे राहतो तिथला कायदा धरतात. म्हणजे भारतीय कायदा. हे ऐकून काहींना बरं वाटतं, पण डच न्यायाधीशासमोर भारतीय कायदा सिद्ध करायचा म्हणजे तज्ज्ञांची मतं, भाषांतरं आणि वकिलांची बिलं आली. एका कंटेनरच्या वादात हे परवडत नाही. त्यापेक्षा करारात एक ओळ लिहिणं कितीतरी स्वस्त.

कायदा कुठला यावर करार वाचण्याची पद्धतसुद्धा ठरते, आणि मला या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. आपण ब्रिटिश परंपरेतून आलो. आपल्याकडे लेखी करार झाला की त्यातल्या शब्दांच्या विरोधात तोंडी पुरावा सहसा चालत नाही. पुरावा कायद्यातला हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८१ सालच्या हाविल्टेक्स खटल्यात असं सांगितलं की कराराचा अर्थ केवळ शब्दांवरून लावायचा नाही. त्या परिस्थितीत दोन्ही बाजूंनी एकमेकांकडून वाजवीपणे काय अपेक्षित धरलं असेल तेही बघायचं. व्हिएन्ना करारही वाटाघाटी, आधीचे व्यवहार, नंतरचं वागणं हे सगळं विचारात घ्यायला सांगतो. म्हणजे गेल्या तीन हंगामांत भाव पडल्यावर आपण दर वेळी पाच टक्के सोडून दिले असतील, तर चौथ्या हंगामात ती सवयच आपल्या विरोधात वाचली जाऊ शकते. मन मोठं करून दिलेली सूट द्यायला हरकत नाही. फक्त त्याच वेळी लिहायचं की ही सवलत या एका खेपेपुरती आहे, पुढच्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही.

यावरून हेही कळतं की जर्मन किंवा डच करार अनेकदा चार पानांत का आटपतो आणि इंग्रजी किंवा अमेरिकी करार चाळीस पानं का घेतो. संहितेच्या देशांत करारात न लिहिलेल्या जागा कायदा स्वतः भरतो, सद्भावनेने वागण्याचं बंधनही कायद्यातच असतं. जर्मनीत तर वाटाघाटींच्या टप्प्यावरच एकमेकांबद्दल काही जबाबदाऱ्या सुरू होतात. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९२ साली वॉलफर्ड विरुद्ध माइल्स खटल्यात सांगितलं की 'सद्भावनेने वाटाघाटी करू' एवढ्याच कराराला कायद्याचं बळ नाही. तिथे जे हवं ते लिहूनच घ्यावं लागतं. लांबलचक करार पाठवणारा माणूस संशयी आणि आटोपशीर करार पाठवणारा मोकळ्या मनाचा, असा समज करून घेण्यात अर्थ नाही. दोघंही आपापल्या कायद्याने घडवलेले आहेत.

बंदरावर काय बदलतं

भाव 'सीआयएफ रॉटरडॅम' (किंमत, विमा आणि रॉटरडॅमपर्यंतचं भाडं धरून) ठरला, म्हणजे माल रॉटरडॅमला पोहोचेपर्यंत जबाबदारी आपली, असं पुष्कळांना वाटतं. खर्च आपला, हे खरं. जोखीम मात्र न्हावा शेवाला माल जहाजावर चढला त्याच क्षणी खरेदीदाराकडे जाते. हे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे आहेत. १९३६ पासून ते निघतात आणि सध्याची आवृत्ती इन्कोटर्म्स २०२०. त्यात ११ संज्ञा आहेत. एफओबी (माल जहाजावर चढवून देण्यापर्यंतचा भाव) आणि सीआयएफ या जहाजावर थेट चढणाऱ्या मालासाठी केलेल्या संज्ञा आहेत. कंटेनर आपण टर्मिनलवर सोपवतो, जहाजावर तो नंतर कधीतरी चढतो. मधल्या वेळात कंटेनरचा विजेचा प्लग निघाला, तापमान वाढलं, तर जोखीम अजून आपलीच. म्हणून कंटेनरसाठी एफसीए, सीपीटी, सीआयपी या, माल वाहतूकदाराकडे सोपवताच जोखीम सरकवणाऱ्या, संज्ञा वापराव्यात असं ते मंडळ स्वतःच सांगतं. तरी एफओबी आणि सीआयएफ सुटत नाही. सवय.

विम्याचंही बघा. सीआयएफमध्ये विक्रेत्याने काढायचा विमा किमान संरक्षणाचा असला तरी चालतो. आग, जहाज रुतणं, टक्कर असे मोठे अपघात त्यात येतात. रीफरचं यंत्र बंद पडणं येत नाही. सीआयपीमध्ये व्यापक विमा लागतो, पण उशिरामुळे झालेलं नुकसान नेहमीच्या व्यापक विम्यातूनही वगळलेलं असतं. द्राक्षाला उशीर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ग्रेप गार्ड (बुरशी रोखायला पेटीत ठेवतात तो कागद) किती दिवस पुरेल याला मर्यादा आहे. देठ तपकिरी पडायला लागले की सुपरमार्केटचा माणूस मणी चाखूनही बघत नाही.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबला, भाडं वाढलं. २०२४ च्या हंगामात निर्यातदारांचा सगळ्यांत मोठा प्रश्न हाच होता: हे संकट आपल्या हाताबाहेरचं आहे, मग करारातून सुटता येईल का?

याचं उत्तर शोधताना सत्तर वर्षं मागे जावं लागतं. १९५६ च्या ऑक्टोबरात सुदानचे शेंगदाणे हॅम्बुर्गला सीआयएफ दराने पाठवण्याचा एक करार झाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुएझ कालवा बंद पडला. विक्रेता म्हणाला, कालवाच बंद, करार संपला. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९६१ मध्ये निकाल विक्रेत्याच्या विरोधात लागला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून माल नेता आला असता, खर्च वाढला एवढ्याने करार संपत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली एनर्जी वॉचडॉग खटल्यात हीच दिशा धरली: काम महाग झालं म्हणजे ते अशक्य झालं असं नव्हे.

पण त्या जुन्या निकालात एक गोष्ट आवर्जून नोंदलेली आहे. शेंगदाणे टिकाऊ होते आणि पोहोचवण्याची ठरावीक तारीख नव्हती. द्राक्षं टिकाऊ नाहीत, आणि सुपरमार्केटच्या मालाचा आठवडासुद्धा ठरलेला असतो. म्हणजे द्राक्षाच्या बाबतीत युक्तिवादाला जागा आहे, पण खात्री कसलीच नाही. खात्री हवी तर करारातल्या आपत्तीच्या कलमात स्पष्ट लिहावं लागतं की मार्ग बदलला तर वाढीव भाडं कोण देणार, किती दिवसांपुढचा उशीर कुणाच्या माथी, आणि माल निघण्याआधी कुणाला रद्द करण्याचा हक्क आहे. 'देवाची करणी, युद्ध, संप' अशी जुन्या करारातून उचललेली यादी इथे पुरत नाही.

या सगळ्यावर आणखी एका गोष्टीने पाणी फिरतं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांपैकी बरीच 'कन्साइनमेंट'वर जातात. म्हणजे माल पाठवायचा, तिथला आयातदार विकेल, स्वतःचं कमिशन आणि खर्च कापून उरलेले पैसे पाठवेल; कधी किमान हमी भाव असतो, कधी नसतो. असा व्यवहार सरळ विक्रीचा नाही. त्याला विक्रीचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत आणि जोखीम शेवटपर्यंत पाठवणाऱ्याकडे राहू शकते. इन्व्हॉइसवर सीआयएफ छापलेलं असतं, प्रत्यक्षात व्यवहार कन्साइनमेंटचा असतो, आणि वाद झाल्यावर दोघंही आपल्याला सोयीचा कागद काढतात. व्यवहार नेमका कुठल्या प्रकारचा, ही एक ओळ लिहिलेली नसल्यामुळे माणसं बुडालेली आहेत.

माल चांगला, पण कुणाच्या मापाने?

२०१० चा हंगाम नाशिक भागात अजून विसरलेले नाहीत. वेलीची वाढ रोखण्यासाठी आपल्याकडे क्लोरमेक्वॅट क्लोराइड वापरायचे. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणूनच ओळखतात. युरोपात द्राक्षातल्या त्याच्या अंशाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडे निर्यातीआधी होणाऱ्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतं. माल इथून 'पास' होऊन गेला आणि तिकडे नापास झाला. कंटेनर अडकले, भाव कोसळले, पैसे थकले. त्याआधी २००३ मध्येही अंश सापडल्याने धक्का बसला होता. त्यातूनच अंश-तपासणीचा कार्यक्रम आणि पुढे अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेचं ग्रेपनेट उभं राहिलं होतं, ज्यात प्रत्येक पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. एवढी यंत्रणा असूनही २०१० घडलं.

आता कायद्याचा प्रश्न: विक्रेत्याला खरेदीदाराच्या देशातले नियम माहीत असायलाच हवेत का?

यावर जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाचा ८ मार्च १९९५ चा निकाल जगभर शिकवतात. स्विस विक्रेत्याने जर्मन खरेदीदाराला न्यूझीलंडचे शिंपले विकले. त्यांत कॅडमियम जर्मनीतल्या मार्गदर्शक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. खरेदीदाराने पैसे द्यायला नकार दिला आणि तो हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की खरेदीदाराच्या देशातले सगळे सरकारी नियम विक्रेत्याला माहीत असावेत अशी अपेक्षा सरसकट धरता येत नाही. अपवाद आहेत: तोच नियम विक्रेत्याच्या देशातही असेल, खरेदीदाराने तो सांगितला असेल, किंवा काही खास परिस्थितीमुळे विक्रेत्याला तो माहीत असायलाच हवा होता.

निकाल विक्रेत्याच्या बाजूचा आहे खरा, पण नाशिकच्या निर्यातदाराने त्यावर निर्धास्त राहू नये. जो वर्षानुवर्षं युरोपला माल पाठवतो, ज्याच्या पॅकहाऊसची नोंदणीच युरोपसाठी आहे, तो 'मला माहीत नव्हतं' कुठल्या तोंडाने म्हणणार? तो थेट तिसऱ्या अपवादात बसतो. शिवाय सरकारी मर्यादा ही फक्त खालची पायरी. जर्मनीतल्या काही मोठ्या सुपरमार्केट साखळ्या कायद्याने चालणाऱ्या अंशाच्या काही टक्केच चालवून घेतात आणि एकूण किती रसायनांचे अंश असावेत यावरही बंधन घालतात. ते कायद्यात कुठेच नाही. ते खरेदीदाराच्या 'स्पेसिफिकेशन'मध्ये असतं, आणि आपण सही केली की ते आपल्यावर कायद्याइतकंच बंधनकारक.

म्हणून वाटाघाटीत विचारायला लाजू नये. खूप प्रश्न विचारले तर समोरच्याला आपल्याला काही येत नाही असं वाटेल, ही भीती आपल्याकडे खोल आहे. डच किंवा जर्मन माणसाला उलट वाटतं: जो विचारत नाही त्याने वाचलेलंच नाही.

नऊ वाजताचा ईमेल

समजा, कंटेनर उतरला. सकाळी तिथल्या क्वालिटी कंट्रोलरचा ईमेल येतो. नमस्कार नाही, चौकशी नाही. बारा फोटो आणि चार ओळी: 'देठ तपकिरी. मणीगळ प्रमाणाबाहेर. माल स्वीकारण्यायोग्य नाही. तुमचे सर्व्हेयर पाठवायचे असतील तर उद्या संध्याकाळपर्यंत.'

इथे ऑफिसमध्ये संताप होतो. तीन वर्षांचे संबंध, घरी जेवून गेलेला माणूस, आणि हे असं लिहितात! पण व्हिएन्ना करार खरेदीदाराला सांगतो की माल शक्य तितक्या लवकर तपास आणि दोष वाजवी मुदतीत, नेमका काय आहे ते सांगून कळव. नाहीतर तक्रारीचा हक्क जाईल. नाशवंत मालात ही वाजवी मुदत म्हणजे मोजके दिवस, कधी तर तासच. त्या क्वालिटी कंट्रोलरने गोड बोलण्यात दोन दिवस घालवले असते तर त्याच्या कंपनीचाच हक्क बुडाला असता. त्या चार ओळी उद्धटपणाच्या नाहीत. कायद्याने मागितलेली नोटीस आहे ती.

आपल्याकडून उत्तर जातं ते बहुतेक असं: 'झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आम्ही लक्ष घालतो. आपले संबंध महत्त्वाचे आहेत, काहीतरी मार्ग काढू.' आपल्या मनात ही नुसती सभ्यता. समोरचा ती फाइलला लावतो, आणि पुढे कुठे वाद गेला तर विचारलं जातं: दोष मान्य नव्हता तर दिलगिरी कशाची?

तेच उत्तर असं जाऊ शकतं: 'तुमचा १२ मार्चचा ईमेल आणि फोटो मिळाले. आमचे सर्व्हेयर उद्या सकाळी संयुक्त पाहणीसाठी येतील. कंटेनरमधल्या डेटा लॉगरची तापमानाची पूर्ण नोंद कृपया आजच पाठवा. लोडिंगच्या वेळचा आमचा तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. पाहणीचा निष्कर्ष येईपर्यंत आमचे सर्व हक्क राखून आहोत. माल खराब होऊ नये म्हणून विक्रीचा पर्याय लेखी कळवा. आमच्या संमतीशिवाय कमी भावात विकू नये.' यात कुठेही कडवटपणा नाही. डच माणसाला हे वाचून राग येणार नाही. आता बोलायला जबाबदार माणूस भेटला असं वाटेल.

आणि हे उत्तर कुणी लिहायचं? डॉक्युमेंटेशनला बसलेल्या मुलीला लॉगर, सर्व्हेयर, लोडिंगचे फोटो सगळं माहीत असतं. पण साहेब लग्नाला गेलेले, त्यांना विचारल्याशिवाय पाठवायचं कसं? साहेब परवा येतात. तिकडचा क्वालिटी कंट्रोलर पंचविशीतला असतो आणि निर्णय स्वतः घेतो. डच संशोधक हेर्ट होफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून जी मोजमापं मांडली, त्यांत सत्तेच्या अंतराचा (वरिष्ठ-कनिष्ठांतली दरी माणसं कितपत मान्य करतात याचा) आकडा भारतासाठी ७७ आणि नेदरलँड्ससाठी ३८ आहे. या आकड्यांवर टीकाही भरपूर झाली आहे आणि ती योग्य आहे: एकाच कंपनीचे नोकर म्हणजे देश नव्हे, आणि सरासरीवरून समोरचा माणूस ओळखता येत नाही. स्वभाव ओळखायला हा आकडा मी वापरणार नाही. तो वाचून आपल्या ऑफिसमध्ये एक नियम करता येतो: तक्रारीला पहिलं उत्तर देण्याचा अधिकार त्या टेबलावरच्या माणसाला लेखी दिलेला असेल. या एका नियमाने वाचलेले कंटेनर मी पाहिलेत.

रीत उलट्या बाजूनेही शिकावी लागते. आखातातल्या खरेदीदाराशी पहिल्याच भेटीत दंडाचं कलम काढलं तर बोलणं तिथेच थंडावू शकतं; ओळख मुरू द्यावी लागते, आणि कलम नंतर, योग्य माणसामार्फत पुढे करावं लागतं. पण ते पुढे करावं लागतंच. संबंध जपायचे म्हणून ते सोडून देणं ही चूक फार महागात पडते. आणि दिवाळीची भेट: आपल्याकडे चांदीचं नाणं पाठवणं हा मान. ब्रिटनमधल्या ग्राहक कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला ते पाठवलं तर तो परत करेल, कारण तिथला २०१० चा लाचविरोधी कायदा खासगी कंपन्यांमधल्या लाचेलाही लागू आहे. पाठवायचंच असेल तर अख्ख्या ऑफिससाठी मिठाईचा डबा पाठवावा.

भांडण कुठे न्यायचं

रॉटरडॅमच्या न्यायालयाचा निकाल नाशिकमध्ये थेट बजावता येत नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही अधिसूचित देशांचेच निकाल थेट बजावता येतात. नेदरलँड्स, जर्मनी, अमेरिका त्यात नाहीत. त्यांच्या निकालावर इथे नव्याने दावा लावावा लागतो. नाशिकच्या न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन नेदरलँड्सला गेलो तर तिथेही सरळ वसुली होत नाही.

लवादाचं, म्हणजे न्यायालयाबाहेर दोघांनी नेमलेल्या पंचाकडून निकाल घेण्याचं, तसं नाही. १९५८ चा न्यूयॉर्क करार १७० हून अधिक देशांनी स्वीकारला आहे. भारत १९६० पासून त्यात आहे. त्यामुळे परदेशी लवादाचा निवाडा इथे आणि इथला निवाडा तिथे बजावणं न्यायालयाच्या निकालापेक्षा खूप सोपं पडतं. पण लवादाचं कलम नीट लिहिलेलं हवं. 'वाद लवादाकडे जाईल' एवढं पुरत नाही. लवादाचं कायदेशीर ठिकाण कुठलं, नियम कुठल्या संस्थेचे, पंच किती, भाषा कुठली, हे चार तपशील हवेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारत ॲल्युमिनियम खटल्यात ठरवलं की लवादाचं ठिकाण परदेशात असेल तर आपल्या लवाद कायद्याचा पहिला भाग, म्हणजे इथल्या न्यायालयांच्या देखरेखीचा भाग, लागू होत नाही; २०१५ च्या दुरुस्तीने याला काही अपवाद केले आहेत. तेव्हा 'सिंगापूर' हा शब्द लिहिताना आपण कुठल्या न्यायालयांच्या छत्राखाली जातोय हे माहीत असावं. मुंबईतही २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे.

एका कंटेनरसाठी मात्र लवादही महाग. म्हणून मी नेहमी सांगतो की करारात आधी दोन पायऱ्या ठेवा: मालाच्या दर्जाचा वाद असेल तर दोघांनी आधीच नाव ठरवलेल्या सर्व्हेयरचा अहवाल अंतिम, आणि पैशाचा असेल तर ठरावीक दिवसांत मध्यस्थी. आपल्याकडे आता २०२३ चा मध्यस्थी कायदा आहे. लवाद शेवटी, मोठ्या थकबाकीसाठी. आणि खरेदीदार पैसे बुडवेल ही भीती असेल तर ईसीजीसीचा विमा घ्यावा. ही सरकारी संस्था १९५७ पासून निर्यातदारांना हेच संरक्षण देते.

बागेपर्यंत

या साखळीचं शेवटचं टोक निफाड-दिंडोरीच्या बागेत आहे, आणि त्याच्याविषयी अभ्यासक्रमात काहीच नसतं. रॉटरडॅमचा क्लेम आला की तो इथे बागायतदाराच्या हिशोबातून कापला जातो. निर्यातदाराने परदेशात बारा पानी करार केलेला असतो आणि शेतकऱ्याशी मात्र बागेत उभं राहून तोंडी सौदा. कपात किती, कशाच्या आधारावर, सर्व्हेयरचा अहवाल शेतकऱ्याला दाखवणार का, उरलेले पैसे किती दिवसांत, हे कुठेच लिहिलेलं नसतं. समुद्रापलीकडे ज्या पारदर्शकतेची आपण अपेक्षा करतो तीच इथे द्यायला हवी. डच आयातदाराकडून आलेला विक्रीचा हिशोब आणि अहवाल बागायतदाराला पाहायला मिळायला हवा, ही अट लेखी असावी. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ती मागितली तर नाही म्हणणं कुणाला सोपं जाणार नाही.

ज्यांना हा विषय शिकायचा आहे त्यांनी एखाद्या ओळखीच्या निर्यातदाराकडून संपलेल्या वादाची फाइल मागावी, नावं झाकून. ईमेल तारखेप्रमाणे लावावेत. प्रत्येक ईमेलशेजारी दोन गोष्टी लिहाव्यात: या क्षणी कायद्याने कुणाचा कुठला हक्क चालू होता, आणि लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं पण सांगता आलं नाही. व्हिएन्ना कराराचा मजकूर आणि त्यावरच्या निकालांचे सारांश संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, सहा अधिकृत भाषांत. मराठीत मला तो कुठे सापडलेला नाही. नाशिक, सांगली, सोलापूरच्या वाणिज्य आणि कृषी महाविद्यालयांनी मिळून त्यातली निदान तपासणी, नोटीस आणि आपत्तीची कलमं मराठीत आणली, तर येत्या ऑक्टोबर छाटणीच्या आत ती पॅकहाऊसच्या भिंतीवर लावता येतील.